मिरगाच्या झडीत गुरं माळावर सोडावीत का?

प्रश्न थोडक्यात असा: खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला चार म्हशी, दोन संकरित गाई, तीन लहान रेडकं-वासरं. दोन एकर माळ, एक एकर भाताची खाचरं. मिरग लागल्यापासून झड थांबलेली नाही, वारा आहे, गारठा आहे. गुरं सकाळी सुटतात ती दिवे लागेपर्यंत माळावर. शेण पातळ झालंय, म्हशींची फॅट ७ वरून ६ च्या खाली आली, एक गाय मागचा पाय टेकत नाही, आणि गेल्या वर्षी याच दिवसांत एक रेडकू दगावलं होतं. तर गुरं बांधून घालावीत की सोडावीत?

सोडा, पण दिवसभर नको. सकाळी नऊनंतर तीन तास, दुपारी तीननंतर दोन-अडीच तास, आणि सकाळी सोडण्याआधी पोटात कोरडी वैरण गेलेलीच हवी. माळाचं गवत वीतभर होईपर्यंत माळ बंद. रात्रीची बैठक कोरडी. एवढं सांभाळलं तर नुसत्या पावसानं मोठ्या जनावराचं फारसं काही बिघडत नाही. रिकामं पोट, भिजलेलं अंग आणि वारा ही तीन एकत्र आली की बिघडतं, आणि त्यात रात्र ओल्यात काढावी लागली की चांगली म्हैससुद्धा आठ-दहा दिवसांत उतरते.

आधी पोटाचा हिशेब करू, कारण तुमची फॅट आणि पातळ शेण दोन्ही तिथेच अडकलंय.

४०० किलोच्या दुभत्या जनावराला रोज साधारण १० किलो शुष्क चारा लागतो, म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा करून उरेल तो. मिरगाच्या कोवळ्या गवतात शंभर भागांत पंधराच भाग शुष्क, बाकी सगळं पाणी. १० किलो मिळवायचे तर ६५ ते ७० किलो गवत पोटात जायला हवं. झडीत जनावर वाऱ्याकडे पाठ करून उभं राहतं, चरणं कमी होतं. दिवसभरात ४५ किलो गेलं तरी पुष्कळ. त्यातून मिळतात पावणेसात किलो. पोट भरलेलं दिसतं, आणि रोज सव्वातीन किलोंची तूट राहते. ही तूट ४ किलो पिंजर (भाताचा पेंढा) किंवा कडब्यानं भरून निघते. आंबोण वाढवून ती भरायला जाऊ नका. कोवळं गवत आधीच लवकर आंबतं. त्यावर पेंड-भरड्याचा मारा केला की पोटात आम्लता वाढते, शेण आणखी पातळ होतं आणि फॅट आणखी खाली येते.

फॅटचं कारणही हेच. दुधातल्या फॅटचा मोठा भाग चाऱ्यातले तंतू पोटात सावकाश आंबून जे तयार होतं त्यातून बनतो. कोवळ्या गवतात तंतू कमी, रवंथ कमी, लाळ कमी. डेअरीत फॅट पडली की लोक पहिल्यांदा यंत्रावर संशय घेतात, मग म्हशीवर. गव्हाणीकडे कोणी बघत नाही.

४ किलो एकदम टाकू नका. सकाळची धार झाल्यावर २ किलो, आणि ते संपल्याशिवाय दावं सोडायचं नाही. संध्याकाळच्या धारेनंतर २ किलो. कुट्टी करत असाल तर तुकडा इंच-दीड इंचाचा ठेवा. भुग्यासारखी बारीक केली तर पोट भरतं, पण रवंथ येत नाही. परिणाम बघायला काही यंत्र लागत नाही. दुपारी गुरं बसलेली असताना पाहा: सहातली चार तरी रवंथ करत असली पाहिजेत. शेणाची पो पडल्यावर तीन-चार बोटं जाड राहिली पाहिजे, पाण्यासारखी पसरता कामा नये. शेण तीन-चार दिवसांत सावरतं, फॅटला आठ-दहा दिवस द्या. कोरडी वैरण सुरू करूनही पाचव्या दिवशी शेण पातळच असेल, त्याला घाण वास असेल किंवा त्यात आव-रक्त असेल, तर ते गवताचं काम नाही. शेणाचा नमुना ताजा, स्वच्छ डबीत घालून दवाखान्यात तपासून घ्या.

सहा मोठ्या जनावरांना रोज २४ किलो, आणि मिरगापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत ७० दिवस धरले तर १,६८० किलो कोरडी वैरण लागते. भाताचं पिंजर साधारण धान्याच्या वजनाइतकं, थोडं जास्तच निघतं, म्हणजे एक एकराच्या पिंजरात तुमचं जेमतेम भागेल, तेही गंजी भिजली नाही तर. नुसतं पिंजर हे तसं हलकं खाद्य. प्रथिनं नाममात्र, कॅल्शियमही कमी. बेळगावच्या पूर्वेकडून, सौंदत्ती-बैलहोंगल भागातून ज्वारीचा कडबा आणता आला तर निम्मं निम्मं मिसळा. पैसे लागतील, पण तो मार्च-एप्रिलमध्येच घ्यायचा असतो. जूनमध्ये तो महागही असतो आणि ओलाही.

गंजी बघताना वरून बघू नका. कोपरापर्यंत हात आत घाला. आत कोमट लागलं, कुबट वास आला, काड्या काळपट किंवा पांढऱ्या धुरकट दिसल्या तर तेवढा भाग काढून थेट उकिरड्यावर. बुरशी लागलेलं पिंजर गाभण म्हशीला तर अजिबात नको. अशा पिंजरामुळे कानाची टोकं, शेपटीचा शेंडा आणि पाय सुजून सडण्यापर्यंत मजल जाते. शेंगदाणा पेंडीचंही तसंच. पावसाळ्यात पोतं जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा आणि एका वेळी पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठा करू नका.

दुभत्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ आंबोणातून द्या. या दिवसांत त्यातलं मॅग्नेशियम महत्त्वाचं. गार, ओल्या जमिनीतून कोवळं गवत मॅग्नेशियम कमी उचलतं, आणि त्यात पोटॅश जास्त असल्यामुळे जे आहे तेही पोटातून रक्तात नीट उतरत नाही. थंड देशांत वसंतातल्या हिरव्या कुरणावर गाई अचानक थरथरून कोसळतात त्या यामुळे. आपल्याकडे हे तितकं सर्रास नाही, पण नुकत्याच व्यालेल्या, जास्त दुधाच्या संकरित गाईत होऊ शकतं: कान-डोळे फडफडणं, पाय ताठ टाकणं, आवाजानं दचकणं, मग आडवं पडून झटके. सलाइनमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम दिल्यावर उठतात, पण ती शीर डॉक्टरांनीच धरायची. औषध जोरात गेलं तर हृदय जागीच थांबतं.

आता गारठा. इकडे जुलैत पारा १९-२० च्या खाली फारसा जात नाही, त्यामुळे ‘गारठ्यानं काय होतंय’ असं म्हटलं जातं. थंड देशांत यावर मोजमाप झालेलं आहे. हिवाळी दाट केसांचं जनावर कोरडं असेल तर शून्याच्या खाली सात-आठ अंशांपर्यंत जादा खाद्याशिवाय तग धरतं. तेच केस पाण्यानं भिजून अंगाला चिकटले की ही मर्यादा एकदम १५ अंशांवर येते. केसांत अडकलेली हवाच ऊब राखते, आणि पाणी ती हवा हाकलून देतं. आपल्या म्हशीला मुळात केसच विरळ. संकरित गाय थंडीला म्हशीपेक्षा बरी, पण दिवसभर भिजली आणि वरून वारा लागला तर तीही अंग चोरून, पाठ कमानीसारखी करून उभी राहते. ती पाठ दिसली की चरणं संपलं असं समजा आणि आत घ्या. मोठ्या जनावराचं पोट म्हणजे चूल आहे: तंतूमय वैरण आंबताना जी ऊब निघते तीच त्याला तारते. सोडण्याआधी पिंजर द्यायचं त्याचं दुसरं कारण हे.

माळाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण याचं नुकसान यंदा नाही, पुढच्या तीन वर्षांत दिसतं. मिरगात गवत उगवतं ते मुळांतल्या शिल्लक साठ्यावर. पानं दोन-तीन इंच असताना गुरांनी ओरबाडली तर परत फुटायला मुळात काही उरत नाही. चांगली गवतं, पवना, मारवेल, आधी जातात कारण गुरं ती आधी खातात. त्यांची जागा टाकळा, रानमोडी, घाणेरी घेतात. जांबोटी-कणकुंबी रस्त्याच्या दोन्ही अंगांना असे माळ पाहायला मिळतात: हिरवे तर दिसतात, खायला काही नाही.

म्हणून गवत वीतभर, साधारण २० ते २२ सेंटिमीटर झाल्याशिवाय आत घालायचं नाही, आणि चार बोटांवर, सात-आठ सेंटिमीटरवर, आलं की बाहेर काढायचं. दोन एकरांचे २० गुंठ्यांचे चार तुकडे करा. काटेरी तार नको. बांबूचे खांब आणि एक पदरी सौर झटका तार पुरते, गुरं दोन दिवसांत शिकतात. मात्र तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत उतरतो, म्हणून तारेखालची पट्टी कापत राहावी लागते. एक तुकडा पाच-सहा दिवस, मग पुढचा. पहिल्या तुकड्याची पाळी तीनेक आठवड्यांनी परत येते. पहिल्यांदा सोडताना पहिले दोन दिवस तासभर, मग दीड तास, असं करत बारा-चौदा दिवसांत पूर्ण वेळेवर आणा. पोटातल्या जंतूंना चारा बदलला की तेवढे दिवस जुळवून घ्यायला लागतातच. सहा जनावरं दोन एकरांवर पोटभर जगणार नाहीत हे उघड आहे. माळ हा अर्धा चारा. बाकी कापून आणलेला.

पाऊस जोराचा असेल त्या दिवशी माळात घालावं की नाही, हे टाच सांगते. तुकड्याच्या सखल भागात जाऊन टाच जोरात रोवा. ठसा दोन बोटांपेक्षा खोल गेला आणि त्यात पाणी भरलं, तर आज नाही. चारशे किलोचं ओझं चार खुरांवर येतं. ओल्या मातीत त्यानं गवताची मुळं तुटतात आणि माती अशी दाबली जाते की पुढं पाणीच मुरत नाही. तुमच्याकडची तांबडी जांभ्याची जमीन पाऊस उघडल्यावर एका दिवसात चालण्याजोगी होते. खानापूरच्या पूर्वेला इटगी-पारिश्वाडकडे, किंवा येळ्ळूर-वडगाव शिवारातल्या काळ्या जमिनीत, तीन-चार दिवस थांबावं लागतं. तिथल्या शेतकऱ्यानं तुमचं वेळापत्रक उचलू नये.

मग झडीच्या दिवशी गुरं कुठं? गोठ्याला लागून तीन-चार गुंठ्यांचा एक तुकडा खराब करायचाच म्हणून ठरवून टाका. उंचावरचा, मुरमाड. तिथं पाय मोकळे करायचे, हवा लागायची, चारा मात्र गव्हाणीत. तो तुकडा पावसाळाभर चिखल होईल, होऊ दे. बाकीचा माळ वाचतो.

बांधावरचं गवत कापून आणताना आणखी दोन गोष्टी. खाचरात आणि बांधावर तणनाशक किंवा दाणेदार कीटकनाशक पडलं असेल तर त्या बांधाचं गवत आणू नका, शेजाऱ्यालाही विचारा. आणि नेपिअर, हत्तीगवत कंबरेइतकं होण्याआधी कापलं तर तेही मिरगाच्या गवताइतकंच पाणचट असतं. उघडीप असेल तर संध्याकाळी कापून आडोशाला पसरून सकाळी घाला. ढीग करू नका, रात्रीत तापतो.

ज्वारीबद्दल मात्र ठाम: उन्हाळी वा वळवाच्या पावसानं जुन्या धाटांना फुटलेले कोवळे फुटवे, आणि गुडघ्याइतका ओला जोंधळा, गुरांना लागू द्यायचा नाही. त्यात सायनाइडचं विष तयार होतं, किराळ लागते ती हीच. पावसाची ओढ बसून मग सर आली की ते सगळ्यात जास्त. दहा-पंधरा मिनिटांत तोंडाला फेस, धाप, थरथर, आणि जनावर आडवं. यावर सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन शिरेतून लागतं आणि ते वेळेत मिळालं तरच उपयोग. फुलोऱ्यावर आल्यावर कापलेली ज्वारी सुरक्षित.

पोटफुगीचं थोडक्यात. डावी भकाळी (बरगड्यांमागचा खळगा) फुगून पाठीच्या बरोबरीनं आली, टिचकी मारल्यावर ढोलासारखा आवाज आला, की चारा बंद, पुढचे पाय चढावर, आणि २५० ते ३०० मिली गोडेतेल सावकाश पाजा. मान वर खेचून पाजू नका. ते तेल फुप्फुसात गेलं तर पोटफुगीतून वाचलेलं जनावर न्यूमोनियानं जातं. श्वास लागला असेल तर तेलाच्या भरवशावर न राहता १९६२ वर फोन करा, फिरता दवाखाना त्यावर मिळतो.

गोठ्याची बैठक. गाय दिवसाचे दहा-बारा तास बसून असते. बैठक ओली असेल तर ती उभी राहते, रवंथ कमी होते, आणि शेवटी दमून शेणातच बसते. सडाला आजार तिथून. तपासायची रीत सोपी आहे. जिथं गाय बसते तिथं स्वतः गुडघा टेकवून दहा सेकंद थांबा. कापडाला ओल लागली तर गाईलाही लागते. जमिनीला उतार दर चाळीस फुटांना एक फूट तरी हवा, मागच्या गटाराकडे. अंथरायला वाळलेला पाला तुमच्याकडची जुनी पद्धत आहे आणि ती उत्तम आहे, मात्र पाला उन्हाळ्यातच गोळा करून कोरड्यात ठेवलेला हवा. भाताचं तूस चालतं. चिकोडी-निपाणीकडे उसाचं पाचट वापरतात, तेही चालतं, पण तुकडे करून. अखंड पाचट खाली ओल धरतं आणि वर कोरडं दिसतं. ओला भाग रोज काढायचाच. वरून नवीन टाकत राहिलं तर खाली आंबतं.

इथं एक चूक फार सर्रास होते: पाऊस आत येतो म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री. वारा-पाऊस पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. ती बाजू बंद करा, पूर्वेची मोकळी ठेवा, आणि पश्चिमेलाही छपराखाली फूट-दीड फूट पट्टी उघडी राहू द्या. सकाळी गोठ्यात शिरल्यावर डोळे चुरचुरले, तर मुताचा अमोनिया साचला आहे. रेडकाचं नाक त्याच हवेत, तेही जमिनीपासून दोन फुटांवर, रात्रभर असतं. पावसाळ्यात लहान रेडकं न्यूमोनियानं जातात ती बऱ्याचदा भिजून नव्हे, कोंडून.

तुमच्या लंगडणाऱ्या गाईचा पाय आजच उचलून धुऊन बघा. खुरांच्या बेचक्यात खडा किंवा काटा रुतलाय का. नसेल तर बेचक्यात चीर, कुजका वास आणि खुराच्या वर दोन्ही बाजूंनी सारखी सूज आहे का. असेल तर खुरकूज. चिखलात सतत राहून कातडी मऊ पडते, बारीक खड्यानं चीर पडते आणि शेणातले जंतू आत शिरतात. लवकर पकडली तर डॉक्टरांच्या दोन-तीन इंजेक्शनांत बरी होते. आठवडा घालवला तर सांध्यात जाते. पाय आणि तोंड दोन्हीकडे फोड, तोंडातून तार लागलेली लाळ, असं दिसलं तर ती लाळ-खुरकूत. मग गुरं सोडायचीच नाहीत आणि दवाखान्याला कळवायचं.

बाकीच्या पाच जनावरांसाठी मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) पाणी. एक किलो मोरचूद २० लिटर पाण्यात, म्हणजे पाच टक्के. प्लास्टिकच्या पसरट टबात किंवा सिमेंटच्या खळग्यात, चार-पाच इंच खोल, आठवड्यातून दोनदा, धार झाल्यावर त्यातून चालवायचं. त्याच्या आधी साध्या पाण्यानं पाय धुतलेच पाहिजेत, कारण चिखल आणि शेण मोरचूद खाऊन टाकतात आणि पाणी निळं दिसत असूनही निकामी झालेलं असतं. वापरलेलं पाणी ओढ्यात, खाचरात ओतू नका. गुरांनी, विशेषतः मेंढरांनी ते प्यायलं तर विषबाधा होते. मोरचुदापेक्षाही जास्त फरक दारातल्या चिखलानं पडतो. गोठ्याचं दार, पाण्याची टाकी आणि वळणाची वाट, अशा तीन जागी दहा बाय दहा फूट खणून सहा इंच जांभ्याचे तुकडे आणि वर मुरूम घाला. सगळी गुरं दिवसातून चारदा तिथूनच जातात.

धार काढल्यावर सडाचं छिद्र अर्धा तास उघडं असतं. तेवढा वेळ जनावर उभं राहावं म्हणून संध्याकाळचं पिंजर धारेनंतरच टाका, आणि सड आयोडिनच्या पाण्यात बुडवा. पहिल्या दोन चिळका काळ्या फडक्यावर काढून गुठळी आहे का ते रोज बघा.

रेडकाचं. व्याल्याबरोबर त्याला कोरड्या गोणपाटानं अंगभर घासून कोरडं करा, म्हैस चाटत असली तरी. नाळेला आयोडिन. पहिला चीक पहिल्या तासाभरात, आणि पहिल्या दिवसात वजनाचा दहावा भाग, म्हणजे ३० किलोच्या रेडकाला तीन लिटर, तीन-चार वेळा विभागून. वार पडल्यावर चीक पाजायचा ही समजूत सोडा, त्या वेळात रेडकू गार पडतं. सुस्त रेडकाच्या तोंडात बोट घाला. आतून गार लागलं आणि चोखत नसेल, तर पाजायच्या आधी ऊब द्या. थर्मामीटर गुदद्वारात लावून १०० फॅरनहाइटच्या खाली असेल तर कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कुशीत ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. चोखत नसलेल्याच्या घशात जबरदस्तीनं दूध ओतू नका. गोणपाटाचं झबलं उपयोगी आहे, पण कोरड्या अंगावर आणि कोरडंच; भिजलेलं गोणपाट उघड्या अंगापेक्षा वाईट. झडीच्या दिवसांत दूध अर्ध्या लिटरनं वाढवा. फॅट घटली म्हणून दूध डेअरीला जास्त घालायचं आणि रेडकाचं कमी करायचं, हा हिशेब उलटा पडतो.

म्हशीच्या दुधातूनच रेडकाला मोठे जंत जातात, म्हणून पहिलं जंताचं औषध दहाव्या ते पंधराव्या दिवशीच. पांढरट, चिकट हगवण आणि सुटलेलं पोट ही खूण. तुमचं गेल्या वर्षीचं रेडकू किती दिवसांचं होतं ते लिहिलेलं नाही. तीन आठवड्यांच्या आतबाहेरचं असेल तर जंताची शक्यता गारठ्याइतकीच धरा.

घटसर्प आणि फऱ्याची लस मेमध्येच हवी होती, कारण अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. बेंदराच्या आधी लस, असं पक्कं धरून ठेवलं तरी पुरे. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेला येतो. दवाखान्याच्या कानडी पत्रकात ‘गळले’, ‘चप्पे’ आणि ‘कालुबायि’ अशी नावं असतात: घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत. यंदा टोचली नसेल तर आता टोचा, ताप नसलेल्या जनावरांना. घटसर्पात म्हैस सकाळी चारा सोडते, ताप १०५-१०६, गळा सुजतो, घशातून घरघर येते, आणि पुष्कळदा दुसरी सकाळ उजाडत नाही. फऱ्या सहा महिने ते दोन-अडीच वर्षांच्या तरण्या, अंगानं चांगल्या जनावराला धरतो: एक पाय लंगडा, मांडीवर किंवा खांद्यावर सूज, दाबली की चरचर आवाज. दोन्हींत तास मोजायचे असतात, वाट बघायची नसते. मेलेलं जनावर फाडू नका. नाकातोंडातून काळं, न गोठणारं रक्त येत असेल तर हातही लावू नका, ती काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते आणि माणसाला होते.

वीज. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गुरं एकट्या झाडाखाली गोळा होतात. वीज झाडावर पडते, प्रवाह जमिनीतून पसरतो, आणि पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असल्यामुळे गुरांना तो माणसापेक्षा जास्त बसतो. गडगडाट ऐकू आला की माळ सोडायचा. आणि गोठ्यातल्या लोखंडी खांबावरून बल्बची वायर नेली असेल तर आधी गळती-रोधक स्विच बसवून घ्या.

शेवटचा विषय भाताच्या खाचरांचा, कारण तुमचा एक एकर माळाला लागूनच असेल. खाचरात, पाटाच्या कडेला, ओढ्याच्या काठावर शंखातल्या गोगलगाई असतात. त्यांच्यातून यकृतातल्या चपट्या कृमीची पिल्लं बाहेर पडून पाण्यालगतच्या गवताला चिकटतात. बळ्ळारी नाल्याच्या आजूबाजूच्या शिवारासारखं जिथं पाणी महिनोन्‌महिने हटत नाही, तिथं हे जास्त. गुरं पाटावर चरू देऊ नका. तिथलं गवत लागलंच तर पाण्यापासून वीतभर वर कापा आणि पूर्ण वाळवून घाला. लोक जुलैत औषध पाजतात आणि सुटलो म्हणतात. जूनमध्ये पोटात गेलेली कृमी पूर्ण वाढायला तीन महिने घेते, आणि नेहमीचं ऑक्सिक्लोझानाइड वाढ झालेल्याच कृमी मारतं. म्हणून गोल जंतांचं औषध आत्ता, आणि चपट्या कृमींचं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकदा, फेब्रुवारीत परत एकदा. ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्या कृमींवरही चालतं, पण ते दुभत्यांना देऊ नका, आटलेल्या काळात डॉक्टरांना विचारून द्या. दिवाळीच्या सुमारास एखाद्या म्हशीच्या जबड्याखाली सकाळी पाण्यासारखी लोंबती सूज दिसली, डोळ्याची आतली कड फिकी दिसली, तर ती या पावसाळ्यातली कमाई. डोस वजनावर ठरतो, तेव्हा अंदाज न लावता छातीचा घेर फितीनं मोजून वजन काढा, आणि औषध दिल्यावर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही ते बाटलीवर वाचूनच पाजा.